शेतकरी उत्पादक कंपनी कशी चालवायची? संचालक आणि सभासद वारंवार विचारतात ते प्रश्न

कंपनी नोंदवून देणारे तालुक्याच्या गावात भरपूर आहेत. प्रमाणपत्र हातात पडल्यावर काय करायचे, हे सांगणारे मात्र कमी. खालील प्रश्न नोंदणीनंतरचे आहेत. कायद्याचे संदर्भ कंपनी कायदा २०१३ मधील उत्पादक कंपन्यांच्या प्रकरणाचे, म्हणजे कलम ३७८-ए पासून पुढच्या कलमांचे आहेत. रकमांची उदाहरणे 'समजा' म्हणून घेतली आहेत. तुमचे भाव आणि खर्च घालून ती पुन्हा मांडा.

ही कंपनी नक्की कोणाची? अध्यक्षांची, संचालकांची की सगळ्यांची?

शेअर घेतलेल्या प्रत्येक सभासदाची. सभासद संचालक निवडतात, संचालक मंडळ धोरण ठरवते, मंडळाने नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ रोजचा कारभार पाहतो. कायद्याने अध्यक्षाला बैठक चालवण्याचे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देण्याचे काम दिले आहे (अध्यक्षाच्या निवडीत तेही नाही). माल कोणाला विकायचा, कोणाला कामावर ठेवायचे हे त्याने एकट्याने ठरवावे, असे कुठेही लिहिलेले नाही. तरीही बहुतेक गावांत कंपनी अध्यक्षाच्या नावानेच ओळखली जाते, आणि पुढच्या बऱ्याचशा अडचणी तिथूनच सुरू होतात.

सहकारी सोसायटीत आणि यात फरक काय?

मत देण्याची रीत तीच आहे. सगळे सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. फरक देखरेखीत आहे. सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते आणि सहकार खात्याचे निबंधक तिच्यावर प्रशासक बसवू शकतात. उत्पादक कंपनी केंद्राच्या कंपनी कायद्याखाली, कंपनी निबंधकाकडे नोंदलेली असते. मंडळात सरकारी माणूस नसतो, कार्यक्षेत्राचे बंधनही नाही. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या दुरुस्तीने हा प्रकार १९५६ च्या कायद्यात आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो २०१३ च्या कायद्यात गेला. म्हणून जुन्या कागदांवर ५८१ ने सुरू होणारी कलमे दिसतात. मजकूर बराचसा तोच आहे.

दुसरा फरक खिशाला जाणवतो. सोसायटीचा अहवाल राहिला तर नोटीस येते. कंपनीचा फॉर्म राहिला तर दिवसाला दंड चढतो.

सभासद कोण होऊ शकतो? आमच्या गावातला आडत्या शेतकरीही आहे, त्याला घ्यावे का?

प्राथमिक उत्पादन करणारा किंवा त्याच्याशी निगडित काम करणारा कोणीही होऊ शकतो. शेती, दूध, शेळ्या-मेंढ्या, मासेमारी, मध, वनोपज हे सगळे त्यात बसते. सातबारा किंवा शेतकरी असल्याचा दाखला घेऊन फाईलला लावा.

आडत्याचे उत्तर कायद्यातच आहे. कंपनीच्या धंद्याशी ज्याचा हितसंबंध आडवा येतो, त्याला सभासद करता येत नाही, आणि सभासद झाल्यावर तसा धंदा सुरू केला तर त्याचे सभासदत्व जाते. त्याच्या नावावर दहा एकर असली तरी तुमची कंपनी सोयाबीन घेणार आणि तोही सोयाबीन घेणार, म्हणजे अडचण उभी राहिलीच. खते-बियाण्यांच्या दुकानदाराचेही तेच, तुमची कंपनी निविष्ठा विकणार असेल तर. गावात वाईटपणा नको म्हणून ही माणसे आत घेतली जातात, आणि मग मंडळात ठरलेला भाव संध्याकाळी बाजारात सगळ्यांना ठाऊक असतो.

सभासद किती करावेत?

नोंदणीला १० शेतकरी पुरतात, वरची मर्यादा नाही. केंद्राच्या '१० हजार एफपीओ' (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत मैदानी भागाला किमान ३०० ची अट होती. त्याच योजनेत भागभांडवलाइतके, पण सभासदामागे जास्तीत जास्त २,००० आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख रुपये समभाग अनुदान आहे. १५ लाखांना २,००० ने भागले की ७५० येतात. म्हणून पुष्कळ कंपन्या धावपळ करून ७५० चा आकडा गाठतात.

इथे एक गोष्ट आधी पाहा. सर्वसाधारण सभेचा कोरम एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश आहे (कलम ३७८-वाय). ७५० सभासद म्हणजे १८८ माणसे प्रत्यक्ष मांडवात हवीत. अनुदानासाठी शेजारच्या तालुक्यातून नावे गोळा केली असतील, तर ती माणसे सभेला येत नाहीत आणि मालही आणत नाहीत. आमच्या मते पहिल्या दोन वर्षांत तेवढेच सभासद करावेत, ज्यांच्या गावी तुमची गाडी आठवड्यातून एकदा तरी जाते.

शेअरचे पैसे पावतीपुस्तकावर घेतले, शेअर प्रमाणपत्रे अजून दिली नाहीत. चालेल का?

नाही. पैसे घेतल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. तसे झाले नाही तर ती रक्कम 'ठेव' मानली जाते आणि ठेवींचे वेगळे, कडक नियम लागू होतात. क्रम असा ठेवा: पैसे बँकेत, मंडळाच्या बैठकीत शेअर वाटपाचा ठराव, निबंधकाकडे वाटपाचा पीएएस-३ फॉर्म, सभासद नोंदवहीत नाव, मग प्रमाणपत्र. अधिकृत भागभांडवल, म्हणजे जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील ती मर्यादा, किती आहे ते आधी पाहा. नोंदणीच्या वेळी १० लाख ठेवलेले असते, सभासदांचे ८ लाख जमा होतात, अनुदानाचे ८ लाख येतात, त्याइतके जादा शेअर सभासदांच्या नावे काढायचे असतात, आणि तेव्हा लक्षात येते की मर्यादा १० लाखांचीच आहे. ती वाढवायला सर्वसाधारण सभेचा ठराव, एसएच-७ फॉर्म आणि शुल्क लागते.

आणखी एक राहून जाते. आयएनसी-२०ए हा धंदा सुरू केल्याचा फॉर्म नोंदणीपासून १८० दिवसांत भरायचा असतो. तो भरल्याशिवाय धंदा करता येत नाही, कर्जही काढता येत नाही.

संचालक किती, आणि निवडणूक कधी?

किमान ५, कमाल १५. पहिले संचालक आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, नावाने लिहिलेले असतात. नोंदणीपासून ९० दिवसांत निवडणूक घ्यावी लागते. पहिली सर्वसाधारण सभाही त्याच ९० दिवसांत घ्यायची असल्याने दोन्ही कामे एकाच मांडवात उरकतात. त्यानंतर प्रत्येकाची मुदत १ ते ५ वर्षे, जी आर्टिकल्समध्ये असेल ती. सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नका. तिसरा हिस्सा दरवर्षी बदलत राहिला तर सह्या, बँक आणि कर्जाचे व्यवहार अडत नाहीत.

मंडळाला बाहेरचे तज्ज्ञ संचालक घेता येतात, एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत. दहाच्या मंडळात दोन. निवृत्त बँक अधिकारी किंवा प्रक्रिया उद्योगातला माणूस मिळाला तर तो पाच 'मानाच्या' संचालकांपेक्षा उपयोगी पडतो.

गावागावांत एक जागा वाटून १५ जणांचे मंडळ करणे राजकारणाला सोयीचे असते. ७ ते ९ जणांचे मंडळ बैठकीला खरोखर जमते.

संचालकांना पगार देता येतो का?

बैठकीचा भत्ता देता येतो. तो किती, हे सर्वसाधारण सभा ठरवते. मंडळाने स्वतःच ठरवून घेतलेला भत्ता लेखापरीक्षक शेऱ्यात लिहितो, आणि तो शेरा पुढे बँक वाचते.

सीईओ कोणाला करावे? अध्यक्षांचा मुलगा बी.एस्सी. ॲग्री आहे.

कायदा सांगतो: सीईओ पूर्णवेळ हवा, सभासदांपैकी नको, नेमणूक मंडळाने करायची. तो पदसिद्ध संचालक असतो. अध्यक्षांचा मुलगा सभासद नसेल तर कायदा अडवत नाही. प्रश्न वेगळाच येतो. सीईओचे काम चुकले तर त्याला जाब विचारणारे मंडळच असते, आणि मंडळाच्या खुर्चीवर त्याचे वडील बसलेले असतात. बाकीचे संचालक एकदा बोलतात, दुसऱ्यांदा बैठकीला येत नाहीत.

जाहिरात द्या, तीन संचालकांची समिती मुलाखत घेऊ द्या, नेमणूकपत्रात कामे लिहा. कायद्याने त्याच्याकडे दिलेली कामे अशी: बँक खाते मंडळाच्या मंजुरीच्या चौकटीत चालवणे, रोकड आणि मालमत्ता सांभाळणे, हिशेब ठेवून तपासून घेणे, सभासदांना वेळोवेळी माहिती देणे, मंडळाने दिलेल्या अधिकारात माणसे नेमणे. '१० हजार एफपीओ' योजनेत सीईओसाठी महिना २५,००० आणि लेखापालासाठी १०,००० रुपयांपर्यंत मदत आहे, तीन वर्षे. २५ हजारांत विक्री, हिशेब, सरकारी प्रस्ताव आणि प्रशिक्षणे सगळे एकाच माणसाकडून होत नाही. लेखापाल वाचवून ते काम सीईओच्या गळ्यात घालू नका. माल घेणारा आणि हिशेब लिहिणारा एकच असला की चूक सापडायला मार्च उजाडतो.

मंडळाने काय ठरवायचे आणि सीईओने काय? रोज भांडण होते.

तो ठराव पहिल्या महिन्यातच करून टाका. नमुना असा. मंडळ हंगामाआधी ठरवते: कोणते पीक, एकूण किती क्विंटलपर्यंत, बाजार समितीच्या त्या दिवसाच्या भावापेक्षा किती रुपये वर-खाली घ्यायचे, कोणत्या खरेदीदारांना उधार द्यायचे आणि किती दिवस. त्या चौकटीत रोजचा भाव सीईओ काढतो. चौकटीबाहेर जायचे तर अध्यक्षासह तीन संचालकांना विचारायचे आणि पुढच्या बैठकीत नोंद करायची. खर्चालाही पायऱ्या लावा. समजा १०,००० पर्यंत सीईओ, ५०,००० पर्यंत सीईओ आणि खजिनदार संचालक, त्यावर मंडळ.

सोयाबीनचा भाव सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. त्यासाठी नऊ जणांना फोन करत बसलात तर गाडी आडत्याच्या दारात उभी राहते.

चेकवर सह्या कोणाच्या?

दोन. एक सीईओची, दुसरी मंडळाने ठरवलेल्या संचालकाची. कोऱ्या चेकवर सही करून पुस्तक कार्यालयात ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. मग दोन सह्यांना काही अर्थच उरत नाही. नेट बँकिंगलाही भरणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा, अशी व्यवस्था बँक करून देते. ती मागून घ्या. हमाली, बारदान यांसारख्या खर्चाला एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. शेतकऱ्याला त्याच्या मालापोटी दिलेल्या रकमेला यात सूट आहे, तरी तीही खात्यावरच द्या. वाद झाला तर बँकेचा उतारा कामी येतो.

मंडळाची बैठक किती वेळा, आणि तिच्यात करायचे काय?

कायद्याने तीन महिन्यांतून किमान एकदा, वर्षात किमान चार. नोटीस ७ दिवस आधी. कोरम एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. म्हणजे ५ च्या मंडळाला ३, १० च्या मंडळाला ४, १५ च्या मंडळाला ५. हंगामात दर महिन्याला बसावे.

बैठकीत सीईओने पाच कागद टेबलावर ठेवायचे: बँकेची शिल्लक, गोदामातला माल (पुस्तकातला आणि मोजलेला, दोन्ही), खरेदीदारांकडून येणे आणि ते किती दिवसांचे, शेतकऱ्यांचे देणे, महिन्याचा नफा-तोटा. हे पाहिल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नका. बऱ्याच बैठका कोणत्या योजनेत काय मिळते यावर दोन तास चालतात, आणि २२ दिवसांपासून अडकलेल्या चार लाखांवर पाच मिनिटेही होत नाहीत. इतिवृत्त ३० दिवसांत लिहून पाने क्रमांकित करा आणि अध्यक्षांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत बारा महिन्यांची इतिवृत्ते लिहिलेली लगेच ओळखू येतात: शाई एक, अक्षर एक.

माल भरपूर घेतला, भावही बरा मिळाला, तरी तोटा. कुठे जातो पैसा?

बहुधा काट्यावर. १०० क्विंटलचा एक ट्रक धरू, भाव ४,३०० रुपये. शेतकऱ्याकडून १४ टक्के ओलाव्याचे सोयाबीन १२ टक्के समजून घेतले आणि गोदामात ते ११ टक्क्यांवर सुकले, तर वजन ३.३७ टक्के घटते. १०० क्विंटलचे ९६.६३ होतात आणि ट्रकमागे सुमारे १४,५०० रुपये गेले. दुसरी गळती बारदानाची. पोत्यासकट वजन केले आणि तागाच्या पोत्याचे अर्धा किलो धरले नाही, तर २०० पोत्यांत १ क्विंटल, म्हणजे ४,३०० रुपये. हमाली, सुतळी, वाहतूक वजा जाता क्विंटलमागे ६० रुपये सुटत असतील तर अख्ख्या ट्रकवर ६,००० मिळतात. वरच्या दोन चुकांत १८,८०० गेले. लेखापालाच्या वहीत मात्र खरेदी आणि विक्रीच्या दरातला फरक छान दिसत असतो.

म्हणून प्रत्येक पोत्याला परखी (नमुना काढायची नळी) लावा, नमुना एकत्र करून ओलावा शेतकऱ्यासमोर मोजा आणि काटा पावतीवर तीन आकडे लिहा: भरलेले वजन, बारदान, निव्वळ. ओलावा आणि काडीकचऱ्याची कपात किती, हा तक्ता काट्याच्या वर भिंतीवर लावा आणि तोच संचालकांच्या मालालाही लावा. मॉइश्चर मीटर हंगामाआधी तपासून घ्या. गाडी निघताना जवळच्या धर्मकाट्यावर वजन करून पावती जोडा, म्हणजे खरेदीदाराच्या काट्यावर तूट दाखवली तर बोलायला जागा राहते.

मग वर्षाला किती क्विंटल घेतले तर कंपनी तगेल?

स्थिर खर्च मांडा. सीईओ २५,०००, लेखापाल १०,०००, भाडे-वीज-फोन ५,०००, लेखापरीक्षण आणि निबंधकाचे काम महिन्याकाठी ५,०००. महिना ४५,०००, वर्ष ५,४०,०००. क्विंटलमागे ६० सुटले तर ९,००० क्विंटल लागतात, नुसते बरोबरीत यायला. योजनेचे व्यवस्थापन अनुदान १८ लाख, तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला ६ लाख. ते हा सगळा खर्च झाकून टाकते, म्हणूनच पहिली तीन वर्षे कोणाला घोर लागत नाही. चौथ्या वर्षी सीईओ सोडून जातो, कार्यालयाला कुलूप लागते. अनुदान सुरू असतानाच ते बाजूला ठेवून मासिक नफा-तोटा काढत जा.

९,००० क्विंटलचा पल्ला एकट्या धान्य खरेदीवर गाठणे अवघड. खते-बियाणे विक्री, बीजोत्पादन, स्वच्छता-प्रतवारी, डाळ मिल यांनी क्विंटलमागची सुटवणूक वाढते. पण डाळ मिलचा प्रस्ताव करण्याआधी तूर विकत घ्यायला पैसे कुठून येणार, तेवढे विचारा. अनुदानावर आलेली आणि वर्षात वीस दिवस चालणारी यंत्रे बऱ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहेत.

खेळते भांडवल किती लागते?

वाटते त्यापेक्षा बरेच. ट्रकमागे ४,३०,००० रुपये. आठवड्याला दोन ट्रक पाठवले आणि खरेदीदाराने १५ दिवसांनी पैसे दिले, तर कायम चार ट्रकचे पैसे रस्त्यात: १७,२०,०००. सभासदांचे ८ लाख आणि अनुदानाचे ८ लाख मिळून १६ लाख होतात, म्हणजे सगळे भांडवल संपले. आणि या गतीने दहा आठवड्यांच्या हंगामात जेमतेम २,००० क्विंटल होतात.

उपाय तीन. पहिला, उधारीचे दिवस कमी करणे. माल उतरल्यावर ७० ते ८० टक्के लगेच देणारा खरेदीदार क्विंटलमागे २० रुपये कमी देत असला तरी परवडतो. दुसरा, नोंदणीकृत गोदामात, उदाहरणार्थ राज्य वखार महामंडळाकडे, माल ठेवून पावतीवर कर्ज. तिसरा, खेळत्या भांडवलाचे कर्ज. नाबार्डची नॅबकिसान कंपनी उत्पादक कंपन्यांना कर्ज देते, आणि '१० हजार एफपीओ' योजनेत २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी आहे. कर्ज मागायला कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच: दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद कुठे आहेत?

शेतकऱ्याचे पैसे थकवून भांडवल उभे करायचा मोह होतो. आडत्या त्याच दिवशी रोख देतो, वर हंगामाआधी उचलही देतो. तुमचे पैसे वीस दिवसांनी आले तर पुढच्या वर्षी तो सभासद शेअर तुमच्याकडे ठेवेल आणि माल तिकडे नेईल.

नफा झाला तर शेअरवर वाटायचा की मालावर?

दोन्हीवर, ठरलेल्या क्रमाने. समजा ४०० सभासद, प्रत्येकी २,००० चे शेअर, भांडवल ८ लाख. वर्षात सभासदांकडून १२,००० क्विंटल घेतले. सगळे खर्च आणि कर जाऊन ३,६०,००० उरले. आधी शेअरवरचा मर्यादित परतावा: आर्टिकल्समध्ये कमाल १० टक्के असेल तर ८०,०००. मग राखीव निधी, तो दरवर्षी बाजूला काढणे सक्तीचे आहे: समजा १ लाख. राहिले १,८०,०००. हा झाला पेट्रोनेज बोनस, म्हणजे कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळणारा हिस्सा. क्विंटलला १५ रुपये. ४० क्विंटल घालणाऱ्याला ६०० अधिक परताव्याचे २००, ५ क्विंटलवाल्याला ७५ अधिक २००, काहीच न घालणाऱ्याला फक्त २००.

हा बोनस रोख किंवा शेअरच्या रूपात देता येतो आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. याखेरीज 'राखून ठेवलेली किंमत' असते: माल घेताना क्विंटलला समजा १०० रुपये मागे ठेवायचे आणि हंगाम संपल्यावर द्यायचे. किती मागे ठेवायचे आणि कसे द्यायचे, हे मंडळ ठरवते. ते पैसे सभासदाचे आहेत, नफा नव्हे. वर्षभर थकवले तर संचालकांचे पद जाऊ शकते.

वार्षिक सभा १५ ऑगस्टला ग्रामसभेबरोबरच घेतली तर?

घेऊ नका. उत्पादक कंपनीची वार्षिक सभा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घेता येत नाही. ती कामकाजाच्या वेळेत, नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात-शहरात घ्यायची. नोटीस किमान १४ दिवस आधी, सोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद आणि निवडणूक असेल तर उमेदवारांची नावे. दोन सभांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. ३० सप्टेंबर ही तारीख धरून चालावे.

कोरम जमवायचा तर पोळा, गौरी-गणपती आणि मूग-उडीद काढणीचे दिवस टाळा. बोनस वाटप किंवा बियाणे वाटप सभेच्याच दिवशी ठेवणाऱ्यांना माणसे कमी पडत नाहीत. हजेरीवहीत सह्या दारातच घ्या. घरोघर वही फिरवून नंतर सह्या घेतलेली सभा तक्रार झाल्यावर टिकत नाही. सभा तहकूब झाली तर पुढे काय, हे आर्टिकल्समध्ये स्पष्ट लिहिलेले असावे. एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते.

सभेनंतर कोणते कागद भरायचे? नाही भरले तर?

लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा एडीटी-१ १५ दिवसांत, ताळेबंदाचा एओसी-४ ३० दिवसांत, वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ ६० दिवसांत. घेतलेल्या कर्जांचा आणि तत्सम रकमांचा डीपीटी-३ ३० जूनपर्यंत. आयकर विवरण वेगळे. धंदा शून्य असला तरी हे चुकत नाही.

एओसी-४ आणि एमजीटी-७ उशिरा भरले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन्ही एक वर्ष राहिले तर ७३,०००. सलग तीन वर्षे राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात, तेही केवळ तुमच्या कंपनीपुरते नाही.

पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवावा लागतो का?

सलग तीन वर्षे सरासरी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली तर हो. हा आकडा मोठा वाटतो, पण वरच्या उदाहरणातले १२,००० क्विंटल गुणिले ४,३०० म्हणजे ५ कोटी १६ लाख. तोपर्यंत बाहेरचा सेक्रेटरी फी देऊन चालतो. सनदी लेखापालाकडून अंतर्गत लेखापरीक्षण मात्र उलाढाल कितीही असो, आवश्यक आहे. किती काळाने, हे आर्टिकल्स सांगतात.

बाहेरचा गुंतवणूकदार आमच्या कंपनीत पैसे घालू शकतो का?

थेट नाही. शेअर फक्त उत्पादकाकडेच राहतात, आणि मंडळाच्या परवानगीने, दर्शनी किमतीला, दुसऱ्या सक्रिय, म्हणजे कंपनीशी ठरल्याप्रमाणे व्यवहार करणाऱ्या, सभासदालाच देता येतात. मोठे भांडवल हवे असणाऱ्या कंपन्या वेगळी उपकंपनी काढून तिच्यात गुंतवणूक घेतात. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये पोस्ट हार्वेस्ट केअर या कंपनीत युरोपातील गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आणले ते असेच. पण त्याआधी त्यांच्याकडे द्राक्ष निर्यातीचा दशकभराचा धंदा उभा होता. शंभर ट्रकही न भरलेल्या कंपनीने यावर वेळ घालवू नये.

कंपनीने सभासदाला किंवा संचालकाला कर्ज द्यावे का?

सभासदाला कंपनीच्या व्यवसायाशी निगडित कामासाठी ६ महिन्यांपर्यंत उधार किंवा तारणावर ७ वर्षांपर्यंत कर्ज देता येते. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला द्यायचे तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. खते-बियाणे उधार दिली तर हंगामाच्या मालातून वळती करण्याचे संमतीपत्र आधीच घ्या. उधारीच्या यादीत सर्वांत वर संचालकांची नावे असतील तर इतरांकडून वसुली होत नाही.

सभासद वारला तर शेअरचे काय?

सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नॉमिनी, म्हणजे आपल्या मागे शेअर ज्याच्याकडे जावेत ती व्यक्ती, नेमायचा असतो. फॉर्म शेअरच्या अर्जाबरोबरच भरून घ्या. मृत्यूनंतर शेअर नॉमिनीकडे जातात. तो उत्पादक नसेल, समजा पुण्यात नोकरी करत असेल, तर मंडळ त्याला शेअर परत करायला सांगून दर्शनी किंमत किंवा मंडळ ठरवेल ती किंमत देते.

कंपनी दोन वर्षे नुसतीच पडून आहे. काय करावे?

आधी थकलेले फॉर्म आणि त्यांचा दंड किती, हे सेक्रेटरीकडून लेखी काढा. मग सभासदांना बोलवून एकच विचारा: येत्या हंगामात कोण किती क्विंटल घालणार? बेरीज हजार क्विंटलच्याही आत आली तर नव्या योजनेची वाट पाहू नका. नोंदणीनंतर वर्षभरात धंदा सुरू केला नाही किंवा सभासदांशी व्यवहार थांबवला, तर निबंधक स्वतःहून नाव काढून टाकू शकतात, पण त्याची वाट पाहण्यात दंड वाढत जातो. येणी-देणी मिटवा, सभासदांच्या भागभांडवलाचा हिशेब द्या आणि स्वतःहून नाव काढण्याचा अर्ज करा. अनुदानातून घेतलेली यंत्रे असतील तर ती देणाऱ्या यंत्रणेची लेखी परवानगी आल्याशिवाय विकू नका.